रक्ताचा रस्ता : जालीनूसपासून हार्वेपर्यंत

घरात कुणाची तब्येत बिघडली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. "या डॉक्टरांचं काही खरं नाही. आज एक सांगतात, उद्या दुसरं!" दादी हे म्हणते, अम्मी मान डोलावते आणि कॉलेजात विज्ञान शिकणारी मुलगी गप्प बसते. तिच्याकडे उत्तर नसते असे नाही. ते मोठ्यांसमोर अदबीने कसे मांडावे, हे तिला सुचत नाही.

दादीची तक्रार अगदीच खोटी नाही. तिच्या तरुणपणी लेकराला जुलाब लागले की दूध-पाणी बंद ठेवायला सांगणारे पुष्कळ होते. पोटाला आराम मिळाला पाहिजे, असे कारण ते देत. आज त्याच लेकराला घोट घोट पाणी पाजत राहा, असे सांगतात. पोटातला अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो, असे वर्षानुवर्षे ऐकले. मग कळले की बहुतेक अल्सरच्या मागे एक जंतू किंवा काही वेदनाशामक गोळ्या असतात. हा जंतू दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. मग दादीने विचारले की, "कालचं बरोबर आज चूक ठरतं, तर आजचं बरोबर उद्या चूक ठरणार नाही कशावरून?", तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एकाच कल्पनेचा मागोवा घेऊ. शरीरात रक्त कसे फिरते? आज सातवी-आठवीतले मूल याचे उत्तर देते. पण माणसाला ते मिळायला सुमारे दीड हजार वर्षे लागली, आणि त्या वाटेवर दमास्कस आणि कैरो ही आपल्या ओळखीची शहरेही लागतात.

जालीनूसने काय सांगितले

ज्याला युरोपात गॅलेन म्हणतात, त्याला आपले हकीम जालीनूस म्हणत आले. इ.स. १२९च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील बर्गामा येथे त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो तिथल्या आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांच्या जखमांवर इलाज करी. पुढे तो रोमला गेला आणि तिथल्या बादशहांचा हकीम झाला.

जालीनूसने स्वतःही एक जुनी समजूत मोडली होती. त्याच्या आधीचे काही विद्वान मानत की शिरांमध्ये रक्त असते आणि धमन्यांमध्ये हवा. या समजुतीलाही कारण होते, कारण मेलेल्या प्राण्याच्या धमन्या बहुधा रिकाम्या दिसतात. जालीनूसने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधल्या भागावर छेद दिला. आतून रक्त आले. वाद तिथेच मिटला.

पण त्याच माणसाने रक्ताचा जो नकाशा काढला, तो आज आपण मानत नाही. त्याच्या मते आपण खातो त्या अन्नाचे यकृतात रक्त होते. ते शिरांमधून अंगभर जाते आणि पाटाचे पाणी शेतात मुरावे तसे मांसात मुरते. ते परत येत नाही. उद्याच्या जेवणातून उद्याचे रक्त तयार होते. यातले थोडे रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्यातील बारीक छिद्रांमधून डाव्या कप्प्यात झिरपते. तिथे हवेच्या अंशाशी त्याचा संयोग होतो आणि ते धमन्यांमध्ये जाते.

ही छिद्रे कुणाला दिसत नव्हती. पण रक्त उजवीकडून डावीकडे जाते म्हटल्यावर वाट असायलाच हवी, असा जालीनूसचा हिशेब होता. शिवाय त्या काळी रोममध्ये माणसाच्या शरीराची चिरफाड करता येत नसे. त्याने माकडे, डुकरे आणि इतर जनावरे तपासली आणि त्यावरून माणसाबद्दल अंदाज बांधले.

या मांडणीला मूर्खपणा म्हणण्याची घाई आपण करू नये. जेवण थांबले की माणूस का खंगतो, यकृत एवढे रक्ताने भरलेले का असते, धमनीतले रक्त अधिक लाल का दिसते, या सगळ्याचे काही ना काही उत्तर तिच्यात होते. म्हणूनच ती टिकली. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्याच्या साथीदारांनी जालीनूसचे ग्रंथ सुर्यानी आणि अरबी भाषांत आणले. पुढे इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून फित-तिब्ब' लिहिला, तेव्हा हा नकाशा थोड्याफार फरकाने त्यातही आला. 'कानून' पुढे कित्येक शतके पूर्वेत आणि पश्चिमेत वैद्यकाचे मुख्य पाठ्यपुस्तक होते. आपल्या युनानी तिब्बच्या नावातच यूनान, म्हणजे ग्रीस आहे.

अदब राखून घेतलेली शंका

एवढ्या मोठ्या उस्तादाला चूक कोण म्हणणार? पण म्हणणारे निघाले, आणि त्यांची म्हणण्याची रीत बघण्यासारखी आहे.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अबू बक्र अल-राझी यांनी 'अश-शुकूक अला जालीनूस', म्हणजे 'जालीनूसविषयी शंका' या नावाचा ग्रंथच लिहिला. ज्याच्याकडून आपण सर्वांत जास्त शिकलो त्याच्याच विरुद्ध लिहावे लागते, याचे दुःख त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. पण या इल्ममध्ये उस्तादाचे म्हणणे तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही, असेही ते बजावतात.

त्यानंतरचे उदाहरण अब्दुल लतीफ अल-बगदादी यांचे. इ.स. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि असंख्य माणसे मेली. अब्दुल लतीफ तेव्हा कैरोत होते. जालीनूसने लिहिले होते की खालचा जबडा दोन हाडांचा बनतो. उघड्यावर पडलेल्या सांगाड्यांमध्ये अब्दुल लतीफ यांनी एकामागून एक जबडे पाहिले. प्रत्येक जबडा एकसंध निघाला, सांधा कुठेच नव्हता. त्यांनी लिहून ठेवले की जालीनूसचा दर्जा कितीही मोठा असला, तरी डोळ्यांनी दिसते ते त्याच्या शब्दापेक्षा अधिक भरवशाचे आहे.

हजार वर्षे हकीम जबड्याचे वर्णन वाचत आले आणि पाठ करत आले. हातात जबडा घेऊन बघायचे मात्र राहून गेले होते.

इब्न अन-नफीस

तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दमास्कसजवळ अलाउद्दीन इब्न अन-नफीस यांचा जन्म झाला. दमास्कसच्या प्रसिद्ध नूरी शिफाखान्यात ते तिब्ब शिकले आणि नंतर कैरोला आले. ते नुसते हकीम नव्हते. शाफई फिकहचेही ते जाणकार होते आणि कैरोतील एका मदरशात फिकह शिकवत. इ.स. १२४२मध्ये, वयाच्या तिशीच्या आसपास, त्यांनी इब्न सीनांच्या 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले.

भाष्य म्हणजे मूळ ग्रंथ ओळीओळीने समजावून सांगणे. पण हृदयाच्या प्रकरणापाशी इब्न अन-नफीस थांबतात आणि सांगतात की हे असे नाही. दोन कप्प्यांमधला पडदा घट्ट आहे. त्यात दिसणारी छिद्रे नाहीत आणि जालीनूस म्हणतो तशी न दिसणारीही नाहीत. मग उजवीकडचे रक्त डावीकडे जाणार कसे? त्यांचे उत्तर असे की ते फुप्फुसांतून जाते. उजव्या कप्प्यातून निघालेले रक्त फुप्फुसात पसरते, तिथे हवेशी मिसळते आणि दुसऱ्या वाहिनीने डाव्या कप्प्यात येते. फुप्फुसातल्या या दोन वाहिन्यांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, असेही त्यांनी लिहिले.

आज आपल्या मुलांच्या पुस्तकात फुप्फुसातल्या अभिसरणाची जी आकृती असते, तिचा हा पहिला ज्ञात लेखी आराखडा. मात्र पूर्ण गोष्ट इब्न अन-नफीस यांनाही उमगली नव्हती. यकृतात रक्त तयार होते आणि शिरांमधून अंगाला पोसते, हा जालीनूसचा भाग त्यांनी तसाच ठेवला. तीच माणसे एका ठिकाणी अचूक आणि दुसऱ्या ठिकाणी चुकलेली, हे विज्ञानाच्या इतिहासात पावलोपावली दिसते.

इ.स. १२८८, म्हणजे हिजरी ६८७मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. आपले घर आणि ग्रंथसंग्रह ते तिथल्या मन्सूरी शिफाखान्याला देऊन गेले. पण रक्ताबद्दलचे ते पान वैद्यकाच्या शिकवणीच्या मुख्य वाटेवर कधी आले नाही. विद्यार्थी जुना नकाशाच गिरवत राहिले. १९२४ साली मुहियुद्दीन अत-ततावी हा इजिप्शियन डॉक्टर जर्मनीत प्रबंध लिहीत असताना बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितात ते त्याच्या वाचनात आले आणि आधुनिक जगाला त्याचा पत्ता लागला. मधे जवळजवळ सात शतके गेली होती.

हार्वेचा हिशेब

दरम्यान युरोपातही छिद्रांवर संशय वाढत होता. आंद्रेआस व्हेसॅलियस याने १५४३ साली माणसाच्या शरीररचनेवर मोठा ग्रंथ छापला. पडद्यातून रक्त कसे झिरपते याचे त्याला नवल वाटले होते. १५५५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपला संशय अधिक उघडपणे मांडला. १५५३मध्ये मिगेल सर्व्हेटस आणि १५५९मध्ये रेआल्दो कोलंबो यांनीही रक्त फुप्फुसांतून जाते असे लिहिले. इब्न अन-नफीस यांचा विचार यांच्यापर्यंत पोहोचला होता का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

इंग्लंडचा विल्यम हार्वे (१५७८–१६५७) इटलीतल्या पादुआ येथे शिकला. तिथे त्याचे उस्ताद फॅब्रिसियस यांनी शिरांमधल्या छोट्या झडपांचे बारकाईने वर्णन केले होते. हार्वेने अनेक जिवंत प्राण्यांची हृदये पाहिली आणि मग एक साधा प्रश्न विचारला : हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते?

हा हिशेब आपण आजच्या आकड्यांनी घरीच करू. शांत बसलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते आणि मिनिटाला ७०च्या आसपास ठोके देते. म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर झाले. तासाला ३०० लिटर, म्हणजे आपल्या मोरीतली दोनशे लिटरची दीड पिंपे! आता जालीनूसप्रमाणे हे सगळे रक्त मांसात मुरून संपत असेल, तर यकृताला दर तासाला दीड पिंप नवे रक्त बनवावे लागेल. एवढे आपण जेवतो कुठे? अख्ख्या शरीरात रक्तच मुळी ५ लिटरच्या आसपास असते.

हार्वेने मुद्दाम फार लहान आकडे धरले होते. तरीही अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त शरीरातल्या एकूण रक्ताहून जास्त भरले. मग एकच मार्ग उरला. तेच रक्त परत येते आणि गोल फिरते. १६२८ साली त्याने हे छापले. त्यानंतर अनेकांनी त्याला वेड्यात काढले आणि त्याच्याकडे येणारे रोगीही कमी झाले, अशी आठवण त्याच्या ओळखीच्या एका लेखकाने नोंदवली आहे.

एक दुवा हार्वेलाही सापडला नाही. धमन्यांतले रक्त शिरांत जाते कुठून? त्या वाटा इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. इटलीच्या मार्सेलो माल्पीघीने १६६१मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या. याच त्या केशवाहिन्या. माल्पीघीचा जन्म १६२८चा, म्हणजे ज्या वर्षी हार्वेचे पुस्तक छापले त्याच वर्षीचा. फुप्फुसात बारीक वाटा असल्या पाहिजेत, असे इब्न अन-नफीस यांनी चार शतकांपूर्वी केवळ तर्काने म्हटले होते. आता त्या दिसल्या.

मग दादीला काय सांगायचे?

एवढ्या प्रवासातून आपल्या हाती काय लागले, ते पाहू.

पहिली गोष्ट, यातला कुठलाही बदल लहरीने झाला नाही. बांधलेली धमनी, एकसंध जबडा, घट्ट पडदा, ठोक्यांचा हिशेब. प्रत्येक वेळी असे काही समोर आले की जे दुसरा कुणीही तपासून पाहू शकत होता.

दुसरी, नवे आले म्हणून जुने सगळे वाहून गेले नाही. धमन्यांत रक्त असते, हे जालीनूसचे म्हणणे आजही खरे आहे. फुप्फुसाचा रस्ताही तसाच राहिला. हार्वेने त्याला मोठ्या फेऱ्याशी जोडले. त्यामुळे 'उद्या सगळेच खोटे ठरेल' ही भीती इतिहासाला धरून नाही.

तिसरी गोष्ट आजच्या काळात जास्त महत्त्वाची. उस्तादाच्या विरुद्ध बोलणारा प्रत्येकजण इब्न अन-नफीस नसतो. 'डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात' असा संदेश मोबाईलवर आला की काहींना तो मोठा शोध वाटतो. इब्न अन-नफीस यांनी आधी अख्खा 'कानून' समजून घेतला होता. अल-राझी आयुष्यभर रोग्यांत वावरले होते. त्यांच्या शंकेमागे मेहनत होती आणि ती चूक ठरवण्याची वाट त्यांनी सगळ्यांना मोकळी ठेवली होती. मोबाईलवरच्या निनावी दाव्यात यातले काय असते, हे आपण स्वतःला विचारावे.

आणखी एक गोष्ट घरातल्या घरात बोलायला हवी. इब्न अन-नफीस यांचे नाव निघाले की आपल्यात कुणी म्हणतो, "सगळं आपल्याच लोकांनी शोधलं, युरोपनं चोरलं." याला पुरावा नाही, आणि हार्वेचा हिशेब हार्वेचाच आहे. अभिमान जरूर बाळगावा. पण ते पान सात शतके धूळ खात पडले, याची खंतही त्याच्यासोबत असावी. फिकह शिकवणाऱ्या त्या हकिमाला जालीनूसवर शंका घेताना आपला ईमान धोक्यात आहे असे वाटले नाही. आपणही आजच्या एखाद्या वैज्ञानिक मताच्या टेकूवर दीन उभा करू नये. ते मत उद्या दुरुस्त झाले, तर मुलांच्या मनाचा विनाकारण गोंधळ होतो.

आता जुलाबाकडे परत येऊ. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महलनबीस यांच्याजवळचे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. साखरेसोबत दिले तर आतडे मीठ आणि पाणी चांगले शोषून घेते, हे तोवर संशोधनातून कळले होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी तयार करून रोग्यांना तोंडाने पाजायला लावले. पाजण्याचे काम बऱ्याच वेळा रोग्यांच्या घरचेच करत. तिथे सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे पाकीट याच विचारातून आले आहे. जुन्यांचा मान म्हणून 'पाणी बंद'च चालू राहिले असते, तर त्या मानाची किंमत लेकरांनी मोजली असती.

म्हणून दादीला "तुझं सगळं चुकलं" असे म्हणायचे नाही. तिच्या काळी जे माहीत होते, त्यानुसार तिने आपली मुले जपली. तिला एक प्रयोग मात्र दाखवता येईल. हार्वेच्याच पुस्तकातला आहे.

मुलीने दादीशेजारी बसावे आणि तिचा हात आपल्या मांडीवर घ्यावा. हातावरची एखादी ठळक शीर निवडून बोटांकडच्या बाजूला ती हलकेच दाबून धरावी. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने सरकवावे आणि ते बोट उचलावे. शीर सपाटच राहते, कारण आतली झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. आता पहिले बोट उचलले की ती खालून लगेच भरते. म्हणजे शिरेतले रक्त हाताकडे जात नाही, हृदयाकडे परत जाते. जालीनूसने नेमके उलटे सांगितले होते.

दादीला हे स्वतःच्या हातावर दिसेल. मग कदाचित तीच म्हणेल, "पुन्हा करून दाखव गं."